झाकणावरचा ओरखडा

रंगाचा नवा डबा हातात आला की रंगारी काका आधी झाकणाची कड अंगठ्याने चाचपायचे. ओरखडा लागला, तर कोणीतरी डबा उघडून आत पाणी घातलंय, हे नक्की.

ही अक्कल त्यांना रंगवाल्या शेठमुळे आली. त्याच्या दुकानातल्या रंगाचे एका गिऱ्हाइकाच्या भिंतीवर पोपडे निघाले, तेव्हा पठ्ठ्या चारचौघांत म्हणाला होता, "डबा अस्सलच होता, याच्या हातातच दम नाही!" काकांनी घरी जाऊन रिकामा डबा न्याहाळला, तर झाकणाच्या कडेला ओरखडा!

पुढे शेठने स्वतःचं घर स्वस्तात होईल म्हणून काकांनाच रंगवायला दिलं. दुकानातल्या नोकराने सवयीने तसलेच डबे पाठवले. अंगठ्याला ओरखडा लागला. काका गालातल्या गालात हसले आणि मन लावून कामाला लागले.

पोपडे निघाल्यावर शेठ तणतणत आला.

"डबे तुमच्याच दुकानातले, म्हणजे अस्सलच," काका म्हणाले. "माझ्या हातातच दम नाही, शेठ!"