उकिरड्यावर गावलेला

मथुराकाकीला जाऊन महिना झालेला नाही. तिचा मुलगा धोंडू रोज नारळ पाडायला जातो, वेळेवर घरी येतो, जेवतो. केळशीत लोक म्हणतात, पोराचं मन घट्ट आहे. मला तसं वाटत नाही.

धोंडू माझा शाळेतला सोबती. त्याच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून तो जन्मला तेव्हा काकीनं त्याला सुपात घालून घरामागच्या उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या चिमाआत्यानं उचललं. काकीनं तिला मूठभर कण्या देऊन मूल विकत घेतलं. नाव धोंडू ठेवलं. दगडावर कोणाची नजर जाणार? कोणी विचारलंच, कोणाचा गो हा, तर उत्तर ठरलेलं. "माजा नाय. उकिरड्यावर गावला."

आमच्याकडे पुष्कळ घरांत असं करतात. मूल चालू-बोलू लागलं की हे सोंग सोडून देतात. काकीनं सोडलं नाही.

ती त्याला तेल लावायची, न्हाऊ घालायची, पोटभर जेवू घालायची. पण भांडं घासावं तसं. मांडीवर घेणं नाही, मुका नाही. बाप मुंबईला गोदीत. चिमाआत्या सांगते, "आदी लय रडायचा. कोन घेईना, तवा गप झाला. मथुरा म्हनायची, बघ कसा शाना हाय."

लहानपणी एकदा आम्ही आंब्यावर चढलो होतो. धोंडू खाली पडला. हात कोपरातून भलतीकडे वळला. रडलो मी. तो गप्प होता. अंगणात काकीनं आम्हाला पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला. मग रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडली, "कोनाचा गो ह्यो? माजा नाय!" आणि आत गेली.

मागच्या दारानं ती अनवाणी धावत सुटली होती, हाड बसवणाऱ्या भागोजीला आणायला. ते मला दिसलं. धोंडूला पुढचं दार तेवढं दिसलं.

हात बांधून झाल्यावर तो म्हणाला, "हरबा, माजा म्हनायला काय पडतं रं तिला?"

पुढे मी पुण्याला शिकायला गेलो. तो माडावर चढायला लागला. लग्न झालं, मुलगी झाली, जनी. सुट्टीत भेटायचो तेव्हा तो कमी बोलायचा. कधी चिडायचा नाही, कधी खूशही दिसायचा नाही. मात्र दर भेटीत एकदा तरी विचारायचा, "म्हनेल का रं कदी?" मी म्हणायचो, म्हणेल.

या खेपेला काकी तापानं पडल्याचं कळलं आणि मी आलो. हर्णैला आगबोटीतून उतरून चालत केळशी गाठली. ओटीवर चिमाआत्या भेटली.

"झालास काय रं पास?"

"बी.ए. झालो, आत्या."

"बे एकं बे? येवड्यासाटी पुन्याला गेलावतास?"

ती हसली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मी समजलो, काकीचं आता फार राहिलेलं नाही.

धोंडू आत खांबाला टेकून बसला होता. मला म्हणाला, "आता म्हनेल. आता भ्यायचं काय ऱ्हायलंय?"

चिमाआत्या काकीच्या कानाशी वाकली. "मथुरे, डोळे उगड. बघ कोन बसलाय. कोनाचा गो ह्यो?"

काकीनं डोळे उघडले. धोंडूकडे पाहिलं. पाहतच राहिली. तिला त्याच्याकडे असं पाहताना मी कधी बघितलं नव्हतं. धोंडू पुढे सरकला. मग तिची नजर त्याच्या मागे दाराकडे गेली. दारात कोणी नव्हतं. तिनं हातानं चाचपडत पदर ओढला आणि धोंडूच्या गुडघ्यावर टाकला. झाकल्यासारखा. आणि दाराकडे बघत स्पष्ट म्हणाली,

"माजा नाय. गावलाय."

त्यानंतर ती बोलली नाही.

"पोरा, जाता जाता वाचवलंन तुला," चिमाआत्या रडत म्हणाली. धोंडूनं मान हलवली. नारळाचा भाव ऐकावा तशी. पदर उचलून तिच्या अंगावर नीट ठेवला आणि लाकडं फोडायला गेला.

काल मी त्याच्या अंगणात बसलो होतो. जनी नुकती चालायला लागली आहे. ती पायरीच्या चिऱ्यावर आपटली. गुडघा फुटला. तिनं बापाकडे पाहिलं. दोन्ही हात अर्धे वर केले.

धोंडू उभाच.

चुलीपाशी त्याची बायको राही बसली होती. ती आतून ओरडली, "अवो, उचला की तिला! तुमचीच हाय ना?"

त्यानं आपल्या हातांकडे पाहिलं. माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "कशी घेत्यात रं?"

तो चेष्टा करत नव्हता. मी उठलो. तोवर जनीनं हात खाली घेतले होते. ती आपली आपण उभी राहिली. पायावरून रक्त ओघळत होतं. ती रडली नाही.

"शानी हाय," धोंडू म्हणाला.