कॉरिडॉरमधला डॉक्टर रूबींचा फोटो

अमेरिकेत, अल्फारेटाच्या फार्मसीत शेजारच्या बाईनं कोको बटरच्या क्रीमचं झाकण उघडलं आणि त्या गोडसर वासासरशी मला डॉक्टर रूबी आठवल्या. तेव्हा, तरुणपणी, मी नागपूरहून नुकतीच आलेली रेसिडेंट डॉक्टर होते आणि त्या आमच्या हॉस्पिटलमधल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री सर्जन. सतत धुऊन कोरड्या पडलेल्या हातांना त्या हेच क्रीम चोळायच्या.

कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना म्हणून त्या फेब्रुवारीत त्यांचा फोटो कॉरिडॉरमध्ये लागला. केक कापला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या गलक्यात त्या माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "मीरा, आज सकाळीच एका पेशंटनं मला हात लावू दिला नाही. दुसरा डॉक्टर हवा म्हणाला."

"आता बदलेल हे सगळं," मी म्हणाले. मला खरंच तसं वाटत होतं. त्या हसल्या. तेव्हा ते हसू मला आशेचं वाटलं होतं. आज कळतं, त्यांना फक्त माझं मन मोडायचं नव्हतं.

यंदा हॉस्पिटलनं फेब्रुवारीतला तो कार्यक्रमच कॅन्सल केला. मी बघायला गेले, तर फोटो काढून भिंत रंगवून झाली होती, खिळ्यांची भोकंसुद्धा बुजवलेली. वृद्धाश्रमात राहणाऱ्या रूबींना मी फोन करून सांगितलं.

"मी मरेपर्यंत तरी थांबतील असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या आणि मग माझ्या नातीची चौकशी करू लागल्या.

तिला सर्जन व्हायचंय, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.