जालन्याचे आकडे

देऊळगाव राजात हायस्कूल नव्हतं. मी तिथल्या इंग्रजी मिडल स्कूलचा हेडमास्तर होतो आणि माझी मुलगी त्याच शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. तिच्या पुढच्या वाटा मी कागदावर ओळीनं लिहून काढल्या होत्या. बुलढाण्याला हायस्कूल होतं, पण मुलीला ठेवावं असं तिथं आमचं कोणी नव्हतं. जालना जवळ, पण ती मोगलाई. निजामाच्या सरकारी शाळेत सगळं उर्दूत. तिसरी वाट म्हणजे गावातच हायस्कूल निघणं. चौथी लग्नाची, ती लिहायची गरज नव्हती.

गावातल्या चार जणांनी हायस्कुलासाठी नागपूरच्या इंग्रज सरकारकडे अर्ज केला. त्यात एक वाक्य जोरात घातलं होतं: शेजारचं निजाम सरकार हायस्कुलातल्या मुलावर आपल्या सरकारपेक्षा जास्त खर्च करतं. वरून विचारणा झाली, पुरावा द्या. दोन्हीकडचा तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं.

"मास्तर, तक्ता कशाले?" अर्जावर पहिली सही केलेले कापडवाले चाचा म्हणाले. "लिहून टाका, तिकडच्या पोरायले तूप-रोटी अन् आपल्याले ताक."

"आकड्यांतच लिहावं लागतं, चाचा."

"मंग लिहा. पन तुमच्या घरच्या चहासारखा अर्धा कप नका देऊ!"

जालन्याचे आकडे माझ्या बायकोच्या चुलतभावानं पाठवले. तो तिथल्या सरकारी हायस्कुलात शिक्षक होता. शाळेवरचा सरकारी खर्च आणि मुलांची संख्या, दोन्ही एका कार्डावर होतं. मी कामाला बसलो. तिकडचं फसली साल आपल्या सालाशी जुळवायला दोन दिवस गेले. इमारतीची दुरुस्ती वेगळी काढली, कारण आपल्या बाजूच्या, म्हणजे बुलढाण्याच्या, आकड्यांत ती धरलेली नव्हती. शेवटी हालीचे कलदार केले. निजामाचा हाली रुपया आपल्या इंग्रजी कलदार रुपयापेक्षा दोनेक आण्यांनी हलका, हे आमच्या गावात भाजीवालीलाही ठाऊक. मोगलाईतला आकडा समोर आला की आमचा माणूस आधी तेवढं कापतो. मीही कापलं.

मुलामागचा खर्च जालन्याचा थोडा कमी निघाला. मी हिशेब तीनदा करून पाहिला. तीनदा तेवढाच.

"मग पाठवता कशाला?" बायको म्हणाली.

"विचारलंय म्हणून. निघालं ते निघालं."

मुलगी शेजारी बसून तक्त्याच्या प्रतीवर रेघा मारून देत होती. तिनं पुढची रेघ मारली.

उत्तर थोडक्यात आलं. अर्जदारांच्याच तक्त्यावरून पाहता शेजारच्यापेक्षा इकडे खर्च कमी नाही, सबब नव्या हायस्कुलाची सध्या निकड दिसत नाही. त्याच महिन्यात मेहकरकडचं स्थळ आलं आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न ठरलं.

लग्नाला जालन्याहून मेहुणा आला. मी पत्रावळ्या मोजून घेत होतो.

"दाजी, आमचे आकडे कामी आले का?"

"नाही. तुमचा खर्च कमी निघाला."

"कमी? कसा कमी? मी तर समदं कलदारात करून धाडलं होतं. तुमच्याकडं लिहायचं म्हंजी हालीत कोण लिहितं?"

खरंच होतं. जालन्याची सोयरी माणसं आम्हाला पत्रात कुठलीही रक्कम कलदारातच लिहीत, आमची सोय म्हणून. मला हे माहीत होतं.

"कार्डावर तसं लिहायचं होतं."

"तुम्ही इचारलं का दाजी? आँ?" तो हसला आणि हात धुवायला गेला.

त्यानं एकदा कापलं होतं ते पुरे होतं. मी ते दुसऱ्यांदा कापलं. हिशेब मनातच झाला. जालन्याचा खर्च जास्त होता. मी पत्रावळ्या पुन्हा पहिल्यापासून मोजल्या आणि पंगतीला पाठवल्या.

निघण्याआधी मुलगी आतल्या खोलीत ट्रंक भरत होती.

"बाबा, पुस्तकं घालू?"

"जागा असेल तर घाल."

"मामा काय म्हणत होते?"

"जेवण कधी, विचारत होते."

तिनं दोन पुस्तकं घातली, बाकीची फळीवर परत ठेवली. जागा होती.

पुढच्या आठवड्यात मी दुरुस्त तक्ता नागपूरला पाठवला. पोच आली. मुलीला त्याबद्दल कळवलं नाही.