पहाटे पाचची तारीख

मित्रांनो, आज अकोल्याच्या ऑफिसात एक टेस्ट सकाळपासून फेल होऊन राहिली होती. धान्य बाजाराच्या गेटवर पहाटे पाचला आलेली गाडी आमचं सॉफ्टवेअर आदल्या तारखेत टाकत होतं.

कारण सापडलं. डेटाबेस जागतिक घड्याळाची वेळ ठेवत होता, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची. म्हणून त्याची तारीख आपल्या पहाटे साडेपाचला बदलायची.

मला हसूच आलं. बाबा आठवले. कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत ते मूर्तिजापूरला कापूस खरेदीच्या गेटवर नोंदी करायचे. उजाडायच्या आत आलेल्या बैलगाडीला ते कालच्याच रांगेतला नंबर द्यायचे, म्हणजे तिचा कापूस आधी मोजला जायचा. साहेब ओरडले की म्हणायचे, "दिवस निंगाल्याबिगर तारीख कशी बदलन?"

दुपारी कोड दुरुस्त केला, टेस्ट पास झाली. हौसेनं बाबांना फोन लावला. म्हटलं, आता तारीख बरोब्बर रात्री बाराला बदलते.

ते म्हणाले, "मंग रातभर चालून आलेल्या बैलायनं अजून एक दिवस उभं राहाचं काय?"

टेस्ट अजून हिरवीच, म्हणजे पासच आहे. बाबांना काय उत्तर देऊ, तेवढं सांगा.