चंपतराव मास्तरांचे जादा तास

चंपतराव मास्तरांनी हेडमास्तरांच्या डोक्यात डस्टर हाणलं, ही बातमी इतवारीत पसरली तेव्हा मी न्हाव्यापुढे बसलो होतो. न्हावी तर म्हणाला, टाके पडले. मी अर्ध्या हजामतीनिशी शाळेकडे पळालो. पाहतो तो हेडमास्तर मार्तंडराव धडधाकट, टोपीसकट उभे. डस्टर फिरलं होतं खरं, पण फळ्यावर. शिक्षकांच्या खोलीत खडूनं वेळापत्रक लिहिलेला फळा असे. त्यावरून मास्तरांनी दुपारनंतरचं आपलं नाव पुसून टाकलं होतं आणि डस्टर मार्तंडरावांच्या हातात देऊन म्हटलं होतं, "आता तुम्हीच शिकवा जी."

राजधानी भोपाळला जाणार म्हणून सारं नागपूर सुतक धरून बसलं होतं, त्या दिवसांतली ही गोष्ट. आमच्या गल्लीला मात्र राजधानीपेक्षा हे भांडण गोड लागलं.

मास्तर मूळचे उमरेडचे, विणकराच्या घरातले, माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारे. अंगानं काडी, आवाज गिरणीच्या भोंग्याचा. घरात हातमाग होता. पगारात भागत नसे, म्हणून संध्याकाळी मास्तर मागावर बसत आणि बायको जयवंताबाई सुताच्या कांड्या भरून देत. घर चालायचं ते त्या संध्याकाळच्या वेळेवर, आणि शाळेनं नेमकी तीच हिसकावली.

त्या शाळेत मार्कांवरून तुकड्या पाडत. हुशार ते अ मध्ये, मधले ब मध्ये, आणि नापास, उनाड, वर्गात डुलक्या घेणारे असे सगळे क मध्ये. अ तुकडी अनंतरावांकडे. त्यांना दुपारी मोकळे तास, आणि जादा तास घेतला की भत्ता. क तुकडी चंपतरावांकडे. दिवसभर मोकळा तास नाही, वर संध्याकाळी जादा तास, तोही फुकट. मार्तंडरावांचं म्हणणं असं की हुशार पोरांना जास्त शिकवणं हा पराक्रम, त्याचा मान करावा; आणि पोरं कच्ची राहिली हा शिकवणाऱ्याचा दोष, तो त्यानंच निस्तरावा.

"काहून जी," चंपतराव सगळ्यांदेखत विचारत, "याचा तास तास हाय, अन् माह्या तासाले काय घुशीनं कुरतडलं?"

अनंतराव बशीतला चहा फुंकत म्हणत, "ढ पोट्ट्यांले शिकवाले कोणती अक्कल लागते गा? उगी बसवून ठेवाचे. त्याचे पैसे मांगतं?"

पुढे शिक्षकांच्या खोलीत चंपतरावांच्या पुढ्यात चहाचा कप येईनासा झाला. मग मास्तर घरून लोटाभर चहा नेत आणि प्रत्येकाच्या कानाशी जाऊन फुरका मारत.

घरीही काही आरती होत नव्हती. "लुगडं अर्धं पडून हाय मागावर, अन् तुम्ही फुकटचे पोट्टे सांभाळून राहिले! तिथंच झोपत जा न!" जयवंताबाई ओरडत. मी भिंतीवरून डोकावून म्हटलं, "वहिनी, माग शाळेतच नेऊन टाका, क तुकडी विणून देईल." सुताला लावायच्या खळीचं उरलेलं पाणी माझ्या अंगावर आलं. सदरा दोन धुण्यांपर्यंत ताठ होता.

फळा पुसल्यावर मास्तरांना काढून टाकायची धमकी झाली. पण क तुकडी घ्यायला कोणी तयार होईना. तेव्हा मार्तंडरावांनी डोकं चालवलं. तोंडात पेढा घातला की माणूस बोलायचा थांबतो, एवढं त्यांना कळत होतं. नवं वेळापत्रक लागलं. अ तुकडी चंपतरावांना, मोकळ्या तासांसकट, भत्त्यासकट. क तुकडी अनंतरावांना, तात्पुरती.

"घाबरू नको गा," चंपतराव त्यांना म्हणाले, "उगी बसवून ठेवाचे."

पहिल्याच आठवड्यात अनंतरावांचा आवाज बसला. एकच गणित सकाळी समजावावं, दुपारी समजावावं, आणि जादा तासाला एखाद्यानं भाबडेपणानं विचारावं, "गुरुजी, हे कवा शिकवलं?" महिना संपायच्या आत अनंतराव मार्तंडरावांचं टेबल बडवत होते. "मोकळे तास द्या, जादा तासाचे पैसे द्या, नाहीतर मी घरी बसतो!" अनंतराव हेडमास्तरांच्या मर्जीतले. चंपतरावांना वर्षानुवर्षं ओरडून जे मिळालं नाही, ते त्यांना उभ्या उभ्या मंजूर झालं. क तुकडीला मोकळे तास आले, भत्ता आला.

गल्लीला वाटलं, मास्तर आता लोळणार. संध्याकाळी माग खडखडत होता, जयवंताबाई चक्क हसून बोलत होत्या. पण मंजुरीची बातमी कळली त्या सकाळी मास्तर बाहेर पडले, तेव्हा त्या दारातून बजावत होत्या, "पैसे देत असतीन त घ्या. फुकट घेतली त घरात येऊ नका."

मास्तर थेट शिक्षकांच्या खोलीत गेले. "माही क तुकडी मले वापस पाहिजे," ते म्हणाले. "आता जे ठरलं त्या सगळ्यासकट."

मार्तंडराव चिडले. "अहो, अ तुकडी दिली न तुम्हाले! पोट कितीक मोठं हाय तुमचं?"

"थे पोट्टे घरून शिकून येतात. मी नुसती हजेरी घेऊन राहिलो. मोकळा तास अन् भत्ता मी क साठी मांगितला होता."

खोलीत खिदळणं सुरू झालं. अनंतराव बसक्या आवाजातच म्हणाले, "पैसे दिसले तशे ढ पोट्टे आठवले का गा, चंपत?"

चंपतराव म्हणाले, "हाव, पैसे पाहूनच आलो. फुकट होतं तवा तू कुठी मेला होता?"