खिडकीपाशीच्या खाटेची बातमी

गल्लीत तिला सगळे दवंडी म्हणतात. तोंडावर ताई, पाठ वळली की दवंडी. हे तिलाही माहीत आहे, कारण तिला न कळता गल्लीत काही घडेल ही सोयच नाही. कोणाकडे पाहुणे आले, किती राहिले, जाताना कोणाचा चेहरा पडला होता आणि कोणाचा खुलला होता, हे त्या घरच्यांच्या आधी हिला ठाऊक. काही लोकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. हिच्या तोंडात तीळ शिरायलाच फट सापडायची नाही.

या तोंडानं तिच्या दोन नोकऱ्या खाल्ल्या. शिंप्याच्या दुकानात होती, तिथे एका बाईच्या कमरेचं माप तिच्या जावेला सांगून मोकळी झाली. मग दातांच्या डॉक्टरांकडे लागली. तिथे कवळी कोणाची आणि खरे दात कोणाचे, हे बाकावर बसलेल्या सगळ्यांना फुकटात कळायला लागलं. डॉक्टर सज्जन माणूस. म्हणाले, "ताई, तुम्ही बोलता फार छान. दुसरीकडे बोला."

दुसरीकडे म्हणजे कुठे, हा प्रश्न होता. गल्लीच्या पलीकडे मोठ्या रस्त्यावर म्हाताऱ्या माणसांचं निवासस्थान आहे. दोन मजले, पुढे अंगण, बाकं, एक दमेकरी लिफ्ट. सगळे त्याला नुसतं 'निवास' म्हणतात. तिथे स्वयंपाकघरात काम मिळतंय का ते विचारायला ती गेली. मॅनेजरबाई कुठेतरी पाण्याचा नळ दुरुस्त करवून घेत होत्या, म्हणून तिला कचेरीत बसवलं. टेबलावरचा फोन वाजायला लागला. वाजणारा फोन न उचलणं हे दवंडीच्या प्रकृतीला मानवणारं नव्हतं.

पलीकडून एक बाई विचारत होती, "माझी आई कशी आहे?"

"हिरवा स्वेटर? नाकावर तीळ?" दवंडी म्हणाली. "छान आहेत की! समोर बाकावर बसल्यात. शेजारणीला सांगतायत की माझी मुलगी गुणाची आहे, पण चहा अगदी पांचट करते."

पलीकडे आधी हसू आणि मग नाक ओढल्याचा आवाज. "तीच! तीच माझी आई!"

मॅनेजरबाई दारात उभ्या राहून हे ऐकत होत्या. त्यांचं डोकं त्या फोननंच उठलं होतं. घरचे लोक विचारायचे "कसे आहेत?" आणि इकडून उत्तर जायचं "ठीक आहेत". ठीक म्हणजे काय? ठीक तर भिंतही असते. त्यांनी तिला स्वयंपाकघरात पाठवलंच नाही. औषधपाण्याचं नर्स कळवेल, तुम्ही दिवसभर इथे हिंडायचं, बसायचं, बघायचं आणि संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरी फोनवर आपल्या आवाजात बातमी रेकॉर्ड करून पाठवायची, असं ठरलं.

जन्मभर ज्यासाठी शिव्या खाल्ल्या, त्याचाच पगार मिळायला लागला! दवंडी त्या दिवशी घरी येऊन पंख्याखाली नुसती बसून राहिली. "अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "माझ्या जिभेला नोकरी लागली."

"मग आता घरी तरी सुट्टी देत जा तिला," नवरा म्हणाला.

तिच्या बातम्या म्हणजे काय सांगावं! 'आज तुमच्या आईनं पत्त्यात लबाडी केली आणि पकडल्यावर दिसत नाही म्हणाली.' 'तुमच्या सासऱ्यांनी दाढी केली, अर्धी. उरलेली उद्या, म्हणतात.' दूरदूरची माणसं कामावरून घरी जाताना या बातम्या दोन-दोनदा ऐकायची. एकीनं तिला शाल पाठवली. एकानं नुसतंच लिहिलं, 'ताई, तुमच्यामुळे आई रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊन जाते.' ते तिनं गल्लीत चौदा घरी वाचून दाखवलं आणि पंधराव्या घराचं दार वेळेवर बंद झालं म्हणून ते वाचलं.

तर अशी घडी बसलेली असताना तिचा गुडघा धरला. वरच्या मजल्याचे जिने चढवेनात आणि लिफ्ट तर महिन्यातून आठवडाभर आजारीच. दवंडीनं तोड काढली. वरच्या मजल्यावरची मावशी जेवणाची ताटं घेऊन खाली यायची, तिला ती जिन्यापाशी गाठायची. "काय गं, वरची काय खबर?" निवासात काम करणाऱ्यांची एक पद्धत आहे. कोणी कोणाचं नाव घेत नाही. खाटेवरून माणूस ओळखायचा. मावशी म्हणायची, "खिडकीनं अर्धं ताट परत केलं. भिंत आज जोरात गात होती." दवंडीला तेवढं पुरे. एवढ्याशा बीवर ती संध्याकाळपर्यंत झाड वाढवायची.

वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत दोघे राहायचे. खिडकीपाशी गवईकाका. जन्मभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकुनी केली, पण आव असा की मैफली सोडून नाइलाजानं आले. भिंतीपाशी ड्रायव्हरकाका. बस चालवून निवृत्त झालेले, बायको जाऊन वर्ष होत आलेलं, आणि बायकोबरोबर बोलणंही गेल्यासारखे गप्प.

एक दिवस ड्रायव्हरकाकांच्या मुलाचा फोन आला. लांबच्या शहरात कारखान्यात कामाला असतो.

"ताई, तुमची बातमी ऐकली. बाबा गायले?"

"गायले म्हणजे! मावशी सांगत होती, खाली स्वयंपाकघरापर्यंत आवाज."

"अहो, माझे बाबा हॉर्नसुद्धा बेसूर वाजवायचे!" तो इतका हसला की तिलाही हसू आलं. मग तो म्हणाला, "आई गेल्यापासून फोनवर 'हं'च्या पुढे शब्द नाही काढला त्यांनी. या महिन्यात रजा टाकून येणार होतो, फार काळजी वाटत होती. आता पुढे ढकलतो. कारखान्यातही गडबड आहे. ताई, उपकार झाले तुमचे."

दवंडी दोन दिवस हवेत होती.

तिसऱ्या दिवशी गवईकाकांची मुलगी बॅग घेऊन निवासात येऊन थडकली. डोळे सुजलेले. मॅनेजरबाईंच्या टेबलावर हात ठेवून म्हणाली, "मी बाबांना घेऊन चालले. तीन आठवडे ऐकतेय, जेवत नाहीत, बोलत नाहीत, रस्त्याकडे बघत बसतात. माझं घर लहान आहे, पण मी त्यांना असं झुरू देणार नाही."

तेवढ्यात अंगणातून तान आली. मुलगी, मॅनेजरबाई आणि कचेरीतच बसलेली दवंडी, तिघी बाहेर आल्या. बाकावर, कित्येक दिवसांनी जिना उतरून आलेले गवईकाका एका हातानं ताल धरून आणि दुसऱ्या हातात बिस्किट धरून गात होते. भोवती चार आज्या.

"बाबा!"

"अगं, तू? थांब, अंतरा संपू दे."

"तुम्ही जेवत नाही ना?"

"कोण म्हणतं? उलट ही लोकं तिसऱ्यांदा वाढत नाहीत, लिही तक्रार!"

मुलगी दवंडीकडे बघायला लागली. दवंडी, ताटं घेऊन चाललेल्या मावशीकडे. मावशी म्हणाली, "हे कुठे खिडकीत असतात? भिंतीपाशी असतात हे."

"मीच दिली खिडकी," गवईकाका म्हणाले. "तो बिचारा भिंतीकडे तोंड करून पडायचा. म्हटलं, बाबा रे, तू इकडे ये. रस्ता दिसतो, बसगाड्या दिसतात. निदान कोणी चुकीच्या बाजूनं गाडी घातली तर शिव्या तरी देशील. अजून दिली नाही त्यानं एकही."

आता दवंडीला उलगडा झाला. खाटा बदलल्या होत्या आणि ती खाली जिन्यात बसून खाटांच्याच बातम्या पाठवत राहिली होती. गाणारा एक, आणि खुशीचा निरोप दुसऱ्याच्या घरी. अर्धं ताट टाकणारा माणूस वर खिडकीत बसला होता आणि त्याच्या मुलानं रजा पुढे ढकलली होती.

गवईकाकांच्या मुलीनं तिला चांगलंच झाडलं, आणि मग बापाचा आवाज ऐकत तिथेच बसली. राग टिकेना तिला. पण मॅनेजरबाईंनी दवंडीला आत बोलावून दार लावलं.

"हे इथेच मिटवू. त्या मुलाला काही सांगू नका. आजपासून बातमी हळूहळू खरीकडे न्या. आज गायले नाहीत, उद्या जरा गप्प होते, असं."

"आणि त्याची रजा?"

"ताई, त्यानं तक्रार केली तर मालक मला विचारतील. मग मी तुमची नोकरी नाही वाचवू शकणार. खरंच सांगते."

बाई वाईट नव्हत्या. तिला वाचवायलाच बघत होत्या, आणि तेच तिला जास्त टोचलं.

त्या संध्याकाळी घरी चमत्कार झाला. दवंडी गप्प. नवऱ्यानं दोनदा वाकून तिच्याकडे बघितलं. "डॉक्टरला बोलवू? अर्धा तास झाला. शेजारचे येऊन विचारून गेले, घरात कोणी आहे का म्हणून."

तिनं सगळं सांगितलं. नेहमीसारखं मीठमसाला लावून नाही, सरळ. नवरा म्हणाला, "हे बघ, तुझ्या जिभेपायी मी लोकांची बोलणी खाल्लीत जन्मभर. पण खोटं बोललीस असं कोणी म्हणालं नाही मला. वाढवून सांगतेस, तिखट सांगतेस. खोटं नाही."

"तिसरीही नोकरी जाईल."

"जाऊ दे. मला सवय आहे."

तिनं मुलाला फोन लावला. बातमी रेकॉर्ड करून नाही पाठवली. ते सोपं झालं असतं. "अरे बाबा, चूक झाली माझी. गायले ते तुझे वडील नव्हेत. तुझे वडील अर्धं जेवतात, बोलत नाहीत. माझा गुडघा दुखत होता, मी वर गेलेच नाही, लोकांचं ऐकून बातमी दिली. तू येणार होतास ना, तर ये. लवकर ये."

पलीकडून फोन ठेवल्याचा खट्ट आवाज.

सकाळी ती निवासात गेली ती डबा न घेताच. दुपारपर्यंत घरी परतायचंच आहे, कशाला डबा? गुडघ्याला पट्टा बांधून, कठड्याला धरून एकेक पायरी चढली आणि त्या कोपऱ्यातल्या खोलीत जाऊन बसली. गवईकाका लेकीबरोबर खाली होते. ड्रायव्हरकाका खिडकीत. तिनं माफी मागितली. ते रस्त्याकडेच बघत राहिले. तीही बघत बसली. तिनं इतका वेळ तोंड मिटून ठेवल्याचा हा लागोपाठ दुसरा प्रसंग, आणि याला साक्षीदार नाही, त्यामुळे गल्लीत कोणी विश्वास ठेवत नाही.

जेवणाच्या वेळेला मुलगा आला. रात्रभराचा प्रवास अंगावर, केस विस्कटलेले, हातात सामानसुद्धा नाही. तिच्याकडे न बघता तो सरळ वडिलांपाशी गेला आणि खाटेवर त्यांना चिकटून बसला.

ड्रायव्हरकाकांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कोण मेलं?"

"कोणी नाही, बाबा."

"मग असा धावत कशाला आलास? बस चुकीच्या थांब्यावर उतरवते, चालत आला असशील."

"चालतच आलो."

"मूर्ख. पुढचा थांबा धरायचा." आणि त्यांनी मुलाचा हात हातात घेतला, तो सोडलाच नाही. मावशीनं ताट आणलं, तर डाव्या हातानं जेवले. सगळं.

दवंडी उठून जायला निघाली. मुलगा म्हणाला, "ताई, थांबा." ती दारातच थांबली, बोलणी खायच्या तयारीनं. "रात्री फोन ठेवला तो धावत स्टँडवर जायचं होतं म्हणून. बोलत बसलो असतो तर गाडी चुकली असती." मग तिच्या पायाकडे त्याची नजर गेली. पट्टा, सुजलेला गुडघा, आणि खाली तो एवढा जिना. "तुम्ही सांगितलं नसतं तर मी महिनाभर खुशीत राहिलो असतो," तो म्हणाला. एक हात वडिलांच्या हातात होता, म्हणून त्यानं दुसराच कपाळाला लावून नमस्कार केला.

 "जेवलास का?" दवंडी एवढंच म्हणाली.

संध्याकाळी मॅनेजरबाईंनी मुलाला कचेरीत बोलावलं. काही तक्रार असेल तर मालकांना कळवावी लागेल, म्हणाल्या. दवंडी बाहेर बाकावर, पदराशी चाळा करत. आतलं सगळं ऐकू येत होतं. ऐकू येईल अशाच बाकावर ती बसली होती.

"आहे ना तक्रार," मुलगा म्हणाला. "बातमी फार कमी येते. रोज पाहिजे. आणि या ताईंना वर बसायला एक खुर्ची द्या, खाटेच्या कडेवर बसून पाय लोंबकळतात त्यांचे."

खुर्ची दुसऱ्या दिवशी आली, आणि आठवड्याभरात लिफ्टवालाही. आता दवंडी ज्याची बातमी त्याच्यासमोर बसूनच सांगते. मुलगा दर महिन्याला येतो आणि मधल्या दिवसांत संध्याकाळची वाट बघतो. त्याला फोनवर जे ऐकू येतं ते साधारण असं :

"आज तुझ्या वडिलांनी भाजी परत पाठवली..."

"परत नाही. नावं ठेवून परत पाठवली, असं सांग."

"नावं ठेवून परत पाठवली. दोन वाक्यं बोलले..."

"तीन. त्या टेम्पोवाल्याला शिवी दिली ती मोज."

"अहो काका, शिवी कशी पाठवू?"

"तशीच पाठव," मागून गवईकाका ओरडतात. "मी सूर देतो!"