काकूंनी भरलेला फॉर्म

अख्ख्या पुण्यात भोचकपणाची स्पर्धा ठेवली, तर ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या काकू परीक्षकांचीच उलटतपासणी घेऊन पहिल्या येतील, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. हडपसरला पाण्याचे पंप बनवणाऱ्या आमच्या कंपनीत मी पहिल्या दिवशी गेले, तर पर्स खाली ठेवायच्या आत काकूंनी माझं माहेर, सासर, सासूबाईंचा स्वभाव आणि माझा रक्तगट एवढं काढून घेतलं. रक्तगट कशाला, तर म्हणे, "असू दे गं, लागतो कधीतरी." आणि लागला की हो! पॅकिंगमधल्या एकाचं ऑपरेशन निघालं, तेव्हा रक्त कोणाचं जुळेल हे ब्लड बँकेच्या आधी काकूंना ठाऊक होतं. शनिवार पेठेतून स्कूटरवर येताना सिग्नलला शेजारी थांबलेल्या एका अनोळखी बाईंना त्यांनी चक्क डॉक्टर बदलायला लावला होता. एका सिग्नलमध्ये एवढं कसं जमलं, असं मी विचारलं, तर शांतपणे म्हणाल्या, "पुढचाही लाल होता."

पण एक सांगते, काकूंच्या पोटात गेलेली गोष्ट कधी बाहेर आली नाही. माझे बाबा गेले, त्यानंतर मी महिनाभर हसतमुख चेहरा करून कामावर जात होते आणि सगळ्या ऑफिसला तो खरा वाटत होता. काकूंनी डबा उघडता उघडता विचारलं, "डोळे का सुजलेत? ॲलर्जीबिलर्जी मला सांगू नकोस." मग मी जी रडले, ती आमटी पार गार होईपर्यंत. काकू ऐकत राहिल्या, स्वतःच्या डब्यातली अळूवडी माझ्या झाकणात टाकली, आणि त्या दिवसाबद्दल भिंतीलासुद्धा काही कळलं नाही.

पुढे आमच्याकडे नवे एचआर साहेब आले आणि त्यांच्या पाठोपाठ व्यक्तिमत्त्व चाचणी आली. सगळ्यांना सक्तीची! एकशेवीस विधानं, प्रत्येकापुढे 'हो' किंवा 'नाही'वर खूण, शेवटी नाव आणि सही. मी महाबावळट. पेपर दिसला की खरं लिहायचं, ही शाळेपासूनची खोड. 'मला एकटीला रडू येतं' – हो. 'मला नीट झोप लागत नाही' – हो. काकूंनी मात्र एकही खूण केली नाही, समासात उत्तरं लिहिली. रडण्यापुढे लिहिलं, 'आपण कोण?' झोपेपुढे, 'हे आपल्याला कुणी सांगितलं?' 'मी रागाच्या भरात वस्तू फेकते' यापुढे, 'अजून तरी नाही.' आणि 'मला अनोळखी माणसांशी बोलायला आवडतं' यापुढे, 'हा फॉर्म त्यात धरू नये.' सहीच्या जागी म्हणे, 'प्रश्न विचारणाऱ्याने आधी करावी.' साहेबांनी तो फॉर्म दोनदा वाचला म्हणतात.

पंधरा दिवसांनी माझी बढती अडली. सेक्शन इन्चार्ज मलाच करायचं ठरलं होतं, पण अहवालात शेरा होता, 'भावनिक स्थैर्य कमी.' वर अकाउंट्समधला एक जण जिन्यात मला हळूच म्हणाला, "मॅडम, फार रडत जाऊ नका." मेल्याहून मेल्यासारखं झालं मला! काकूंना हे कळलं मात्र, माझ्या मनगटाला धरून त्या थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या.

"साहेब, हिचं रडणं तुमच्या कपाटात काय करतंय?"

"काकू, कंपनीला आपली माणसं ओळखायला नकोत का?"

"मग डबा घेऊन खाली या की बसायला."

"आणि तुम्ही रोज सगळ्यांना विचारता ते?"

"विचारते ना. तोंडावर विचारते. समोरच्याला 'तुम्हाला काय करायचंय' असं म्हणायची सोय असते, आणि म्हणतातही. तुमच्या फॉर्मला असं म्हटलं की नोकरीवर बेततं. हे कागद कोण वाचतं, किती दिवस ठेवता, ते लिहून द्या. तोवर मी बसते इथेच. आपण मूळचे कुठले?"

अर्ध्या तासाने साहेब एका हाताने माझा अहवाल मला परत देत होते आणि काकूंना स्वतःच्या ॲसिडिटीविषयी सांगत होते.

मला बढती मिळाली. चाचणीही ऐच्छिक झाली. काकूंना मात्र अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर दोन वर्षं मुदतवाढ द्यायचं तोंडी ठरलं होतं, ते राहून गेलं. त्यांच्या नावापुढे शेरा होता, 'सहकार्याची वृत्ती नाही.' सहकार्याची वृत्ती नाही! काकूंना! मी भांडायला निघाले, तर त्यांनीच मला खाली बसवलं. "बरंच झालं गं, आमच्या सोसायटीत नवे भाडेकरू आलेत, अजून कुणी त्यांची साधी चौकशीसुद्धा केलेली नाही." पण टेबलाचा खण रिकामा करताना त्यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही, आणि मलाही धीर झाला नाही काही विचारायचा.

परवा बाबांचं वर्षश्राद्ध झालं. रजेच्या अर्जात मी कारण लिहिलं, 'वैयक्तिक', आणि अर्ज लगेच मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी मी सुजलेले डोळे घेऊन ऑफिसला गेले. सगळे अगदी सभ्यपणे वागले. दुपारपर्यंत कुणी एका शब्दाने काही विचारलं नाही. डबा उघडला, तसाच बंद केला आणि जिन्यात जाऊन काकूंना फोन लावला.

"काकू," म्हटलं, "काहीतरी विचारा ना."